कुंतळाचं नाक

बाइधर महारणाला स्वतःच्या हाताची किळस आली ती शाळेच्या ओसरीवर, अख्ख्या चित्रकार साहीच्या, म्हणजे चित्रकारांच्या गल्लीच्या, देखत. त्याआधी त्याला बाकी सगळ्याची किळस होती, हेही सांगायला हवं. गल्लीतली माणसं पटावर कृष्ण काढता काढता चहाच्या किटलीवर आली, किटलीवरून दारूच्या रिकाम्या बाटलीवर घसरली. त्याच्या सख्ख्या पुतण्याने, त्रिनाथने, तर करवंटीच्या तुकड्यावर जगन्नाथ काढून, त्याला भोक पाडून चावीची साखळी अडकवली. त्या दिवशी बाइधर पुतण्याच्या दारात जाऊन थुंकला होता. तोंडात पान होतं, त्यामुळे डाग अजून आहे.

स्वतः बाइधर जुन्या वळणाचा. चिंचोक्याची खळ शिजवायची, जुन्या लुगड्यांचे थर तिच्यात चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा आणि दगडाने घोटघोटून पट गुळगुळीत करायचा. त्याशिवाय दुसऱ्या कशाला त्याचा ब्रश शिवत नसे. खळ जरा शिळी झाली की मेल्या ढोराचा वास मारते. तो वास त्याच्या भिंतींना, गादीला आणि बायकोच्या केसांना कायमचा लागला होता. जगातली तेवढी एकच घाण त्याला चालायची.

आमच्याकडे रंग बायका भरतात आणि शेवटची काळी रेघ पुरुष ओढतो. कुंतळा लग्न होऊन आली ती राधेच्या साडीत पिवळा भरायला बसली, आणि मुलगा नबघन मोठा होऊन सुरतेला मागावर कामाला गेला तरी तिथेच बसली होती. बाइधर नंतर रेघ ओढायचा. तोंडात पान, शेजाऱ्याशी हुज्जत चालू, डोळे रस्त्यावर उतरणाऱ्या पाहुण्यांवर, आणि हात मात्र राधेच्या कपाळावरून निघून हनुवटीपर्यंत एका दमात उतरायचा. न बघता रेघ ओढतो याचा त्याला केवढा माज होता.

त्या हिवाळ्यात एका संस्थेने कोलकात्याहून शौभिकबाबू नावाचे चित्रकार बोलावले. जुन्या हातांना नव्या सवयी लावल्या की कलाकार वाढतो, असं त्यांचं म्हणणं. माणूस बोलायला गोड, पण सांगायचा ते एकेक अजब. डाव्या हाताने काढा. डोळे मिटून काढा. ब्रश बांबूला बांधा आणि उभ्याने काढा. त्रिनाथ हे सगळं उड्या मारत करत होता, आणि कोपऱ्यात बसलेला बाइधर नाकाला गमछा लावून रंगाने बरबटलेल्या शाळेच्या ओसरीकडे बघत होता.

एक दिवस शौभिकबाबू म्हणाले, आज घरचं माणूस समोर बसवा आणि त्याच्यावरची नजर न हलवता त्याचा चेहरा काढा. साहीतल्या बायका पदर ओढून, एकमेकींना ढकलत आल्या. कुंतळा मात्र केसांना तेल लावून, सणाची साडी नेसून आली. कुणीतरी आपल्याकडे नुसतं बघत बसणार, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. ती ताठ बसली आणि श्वाससुद्धा बेताने घेऊ लागली.

बाइधरने सवयीने एका दमात रेघ उतरवली, खाली बघितलं, तर राधा. बाजूने दिसणारा चेहरा, टोकदार नाक, कानापर्यंत गेलेला माशाच्या आकाराचा डोळा. त्याने दुसरा कागद घेतला. पुन्हा राधा. तिसरीही राधाच, जरा जाडसर. समोर कुंतळाचं नाक बसकं, एका अंगाला किंचित झुकलेलं, नथनीच्या भोकाजवळ लहानपणचा व्रण. हे सगळं बाइधरला दिसत होतं. हाताला दिसत नव्हतं.

त्रिनाथने मागून डोकावून बघितलं, काकूकडे बोट केलं आणि म्हणाला, "बडबापा, बडमाला उगीच तिष्ठत ठेवलंत. ती घरी मासळी साफ करत बसली असती तरी हेच आलं असतं." ओसरी खदखदा हसली. शौभिकबाबूसुद्धा हसले, आणि मग बाइधरचा चेहरा बघून ब्रश धुवायला वळले.

घरी आल्यावर कुंतळाने सणाची साडी घडी करून ठेवली, चूल पेटवली आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, "नबाचे बाप, तुमच्या घरात मी म्हातारी झाले. तुमच्या हाताला माझं नाक माहीत नाही?" बाइधर म्हणाला, आपली चित्रं अशीच असतात, त्यात तुझं-माझं काय आलं. हे बोलायला नको होतं. कुंतळा वळली. "मग तुमची ती राधाच रंगसुद्धा भरेल. मला काढाल त्या दिवशी मी रंगाच्या करवंटीला हात लावीन."

आणि खरंच तिने हात लावला नाही. रंगाच्या करवंट्या वाळून तडकल्या. अर्धे पट पांढरेच पडून राहिले. पण बाइधरला कामाचं एवढं वाटत नव्हतं. तो ओट्यावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघायचा आणि त्याला शिसारी यायची. इतकी वर्षं हा हात वाखाणला, मिरवला, आणि हा नुसता घाण्याला जुंपलेला बैल निघाला. डोळ्यांवर झापडं, आणि ठरलेल्या वाटेवर गोल गोल.

मग ज्या शौभिकबाबूंच्या नावाने त्याने नाक मुरडलं होतं, त्यांचेच उपाय त्याने दार लावून करून बघितले. डाव्या हाताने काढली, तर वात झालेली राधा आली. डोळे मिटून काढली, तर तळ्यात पडलेली राधा आली. कुंतळा समोरून जाता-येता एक नजर टाकायची आणि काही न बोलता पुढे जायची. तिचं ते न बोलणं त्याला त्रिनाथच्या टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

पुढचं घडलं ते दारासमोरच्या गटारामुळे. तिथे एक उंदीर मरून फुगला होता. कुंतळाने त्याला तो उचलून टाकायला सांगितलं. बाइधर नाकाला गमछा बांधून बाहेर गेला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. पोट ताणून पांढरं झालेलं, ओठ मागे सरून पिवळे दात दिसणारे, एक पाय काहीतरी मागत असल्यासारखा वर. बाइधर आत आला, पटाचा कापून उरलेला तुकडा घेतला आणि गटाराच्या काठावर बसला.

राधेचा साचा होता, कृष्णाचा होता, हत्तीचा, घोड्याचा, कदंबाचा, पाण्याच्या लाटेचासुद्धा होता. फुगलेल्या उंदराचा साचा मात्र त्याच्या बापजाद्यांपैकी कुणीच करून ठेवलेला नव्हता. हात पोटापाशी येऊन अडला. आता कुठे जाऊ, असं तो जन्मात पहिल्यांदा विचारत होता. त्याला सांगायचं तर बघणं भागच होतं. बाइधरला दोनदा उमासे आले, तरी त्याने शेपटीच्या टोकापर्यंत उंदीर पुरा केला. चित्र गचाळ होतं, रेघ जागोजागी तुटली होती, पण तो तोच उंदीर होता. दुसरा कुठलाही नव्हता.

तेव्हापासून त्याला घाणीचं वेड लागलं. खरूज झालेलं कुत्रं काढलं, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली देवळामागची भिंत काढली, पाण्यात भिजवून आंबवलेल्या पखाळ भातावर बसलेल्या माश्या काढल्या. म्हाताऱ्या दिबाकरचं बोळकं तोंड जेवताना काढलं, तर म्हातारा काठी घेऊन अंगावर धावला. येणारेजाणारे विचारायचे, काय दादा, आज कुठल्या गटाराची आरती? कुंतळाचा संताप वेगळाच होता. मला काढता येत नाही आणि उंदीर काढता येतो, म्हणाली, आणि नाक मुरडून आत निघून गेली. बाइधरला तिला सांगायचं होतं की हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. पण हातात खरुजलेलं कुत्रं धरून बायकोला असं काही सांगता येत नाही.

शौभिकबाबू पुन्हा आले आणि ते तुकडे बघून वेडेच झाले. त्यांनी ते भुवनेश्वरला नेऊन काचेत लावले. बाइधरही गेला. तिथे संबळपुरी साड्या नेसलेल्या बायका उंदरासमोर मान तिरकी करून उभ्या होत्या. एक बाई हातातली मिठाई खात त्याला म्हणाली की यात केवढं सौंदर्य आहे. बाइधरला वाटलं, खरा उंदीरच आणायला हवा होता. तो तिथे वाटलेला समोसा न खाता परतला.

परत आला तर साहीत उंदीरच उंदीर. महिना उलटायच्या आत त्रिनाथने पुठ्ठ्याचा साचा कापला होता आणि चार घरांतून त्यावर कामं चालू होती. किटलीवर उंदीर, बाटलीवर उंदीर, भोवती कमळांची महिरप. उंदराचं तोंड बाजूने, आणि त्याला राधेचा तो लांबलचक डोळा. एकाने तर मेलेल्या उंदराच्या गळ्यात मोत्यांची माळ घातली होती. बाइधर पानाचा तोबरा भरून त्रिनाथच्या दारात गेला.

"थुंकायचं तर त्या डागावरच थुंका, बडबापा, नवीन जागा घाण करू नका," त्रिनाथ म्हणाला. "वाट तुम्हीच दाखवलीत, आता राग कसला? चुकत असेल तर एक काढून दाखवा, मी सुधारतो."

बाइधरने त्याच्या हातातला ब्रश हिसकावला आणि समोरच्या पुठ्ठ्यावर टेकवला. त्रिनाथच्या तोंडाकडे बघत त्याने त्याला शिव्या घातल्या, त्याच्या मेलेल्या बापाला साक्षीला बोलावलं, चावीच्या साखळीचा आणि करवंटीचा उद्धार केला, तुला बघता येत नाही, तुमच्यापैकी कुणालाच बघता येत नाही, असं म्हणाला. त्रिनाथ खाली पुठ्ठ्याकडे बघत होता. मग बाइधरने खाली बघितलं.

उंदीर तयार होता. फुगलेलं पोट, मागे सरलेले ओठ, पिवळ्या दातांची जागा, मागत असलेला पाय. एका दमात, एकही रेघ न तुटता. समोर उंदीर नव्हता, कुणी बघितलं नव्हतं. बैलाला नवी वाट पाठ झाली होती, एवढंच.

"झकास," त्रिनाथ मनापासून म्हणाला. "आमच्यापेक्षा किती साफ."

बाइधर ब्रश टाकून बाहेर आला. आपल्या ओट्यापर्यंत पोहोचला आणि तिथेच त्याला भडभडून उलटी झाली. पान, सकाळचा भात, सगळं धोतरावर. तो तसाच पायरीवर बसला. पुतण्याची किळस, गल्लीची किळस असती तर तो थुंकून मोकळा झाला असता. या हाताचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं. हा कापून टाकला तर डावाही राधाच काढणार होता.

आवाज ऐकून कुंतळा आली. मासळी साफ करत होती, हाताला खवले चिकटलेले. तिने धोतर बघितलं, वास नाकात गेला, आणि तिचं तोंड बदललं. बसकं नाक वर ओढलं गेलं, एक नाकपुडी दुसरीपेक्षा जास्त फुगली, व्रण आत दुमडला, वरचा ओठ डाव्या बाजूला चढला. ते तोंड तसंच ठेवून तिने लोटीतलं पाणी पदरावर घेतलं आणि त्याचे ओठ पुसायला लागली. एकदा जोरात शिंकली, पण पुसणं थांबवलं नाही.

बाइधर तिच्याकडे बघत राहिला. राधेने कधी नाक मुरडलं नव्हतं. कुठल्या गोपीने नाही, यशोदेने नाही, पूतनेनेसुद्धा नाही. हात मांडीवर पडल्या पडल्या हलला आणि थांबला. कुठे जाऊ, विचारत होता.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"शी. आधी तोंड धुवा."

"तसंच ठेव. तोंड तसंच ठेव."

त्याने बसल्या जागेवरून पटाचा तुकडा, ब्रश आणि काजळीची वाटी ओढली. रेघ थरथरली, नाकाच्या वळणावर तुटली, ओठापाशी दोनदा गेली. कुंतळा आधी चिडली, मग होती तशी थांबली, पण तिचं नाक काही खाली आलं नाही, कारण वास तसाच होता. शेवटी त्याने तुकडा तिच्यापुढे धरला.

तिने हात साडीला पुसले आणि बराच वेळ बघितलं. "असं तोंड करते मी?"

"करतेस."

"रोज?"

"माहीत नाही," बाइधर म्हणाला. "मी बघत नव्हतो."

कुंतळा आत जाऊन हात धुऊन आली, कोनाड्यातली तडकलेली पिवळी करवंटी काढली, पाणी घालून बोटाने रंग कालवला. मग काय वाटलं कोण जाणे, ती करवंटी बाजूला सारली आणि म्हणाली, पिवळा नको, मी पिवळं कधी नेसत नाही.

"मग कुठला भरायचा?" बाइधरने विचारलं.

"बघा की," कुंतळा म्हणाली.