उर्वशीचा बाप

घाटंजीत पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधून देणारा राजदीप खोब्रागडे एका जागी बसून चहा पितो, असं कोणी पाहिलेलं नव्हतं. कप हातात, एक पाय दुकानाच्या पायरीवर आणि नजर बाकावर उघडून ठेवलेल्या मोटारीवर. कोणी म्हणालं, "टेक ना लेका दोन मिनिटं," की तो म्हणायचा, "टेकलो का अंगात मुंग्या येतात." माणूस मात्र कामाचा पक्का होता. विहिरीवरची मोटार नुसती चालू करून कान लावला की तार कुठे जळाली असेल हे तो सांगायचा.

पण त्याच्या स्वतःच्या लेकीला काय होतंय, हे त्याला कितीतरी दिवस कळलं नाही.

उर्वशी चार महिन्यांची असताना तिच्या गालांवर लाली आली. थंडीनं गाल फुटले असतील, असं घरात सगळ्यांनी म्हटलं. मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत ओलसर चट्टे उठले. पोरगी बापाच्या खांद्यावर गाल घासायची, घासत राहायची, आणि सदऱ्यावर रक्ताचे ठिपके पडायचे. शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हटलं, "हा इसब आहे. एक्झिमा. जाईल हळूहळू, पण एका दिवसात नाही. कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ. घासायचं नाही, अंग नुसतं टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच मलम. दोन-तीनदा, रोज."

हे रोजचं काम राजदीपच्या बायकोनं, पायलनं, तेव्हापासून न चुकता केलं. उर्वशी चौदा महिन्यांची झाली तेव्हा पायलला आठवा महिना लागला होता. तिच्या पायांवर सूज आली. वॉर्डाच्या आशा कार्यकर्ती विमलताई ब्लडप्रेशर मोजायला आल्या आणि जाताना दारातच थांबल्या.

"राजदीपभाऊ, हिले आता डाव्या कुशीवर पडून राहू द्या. वाकाचं नाही, पाणी उचलाचं नाही. पोरीचं कोण करते?"

सगळ्यांनी राजदीपच्या आईकडे, तुळसाबाईकडे पाहिलं. तुळसाबाईनं तीन लेकरं वाढवली होती. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आणि बेसन लावून अंग खसखसून घासायचं, ही तिची रीत. उन्हाळ्यात एकदा तिनं तसं केलं तर पोरीच्या अंगाची सालं निघाली होती.

"आईच्या हाती नका देऊ," पायल हळूच म्हणाली. तुळसाबाईला ते ऐकू गेलं. ती परसात निघून गेली.

"मी करतो," राजदीप म्हणाला. म्हणाला खरा, पण आपण काय कबूल केलंय हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्यानं अंगाला हात लावला आणि उर्वशी अशी किंचाळली की शेजारच्या घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. पाणी बरोबर होतं, साबण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलाच होता. पायल पलंगावरून म्हणाली, "तुमचे हात पहा."

त्यानं पाहिले. तांब्याच्या तारेनं चिरलेली बोटं, भेगांत बसलेलं व्हार्निश, आणि ते काढायला रोज वापरलेल्या रॉकेलचा वास. लेकराच्या सोललेल्या कातडीवर तो सँडपेपर फिरवत होता. त्या दिवसापासून तो दुकानात हातमोजे घालून काम करू लागला, आणि उर्वशीचं मलम आधी स्वतःच्या तळहातांना चोळू लागला.

दिवस पौषाचे होते. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायची घाई, म्हणून रोज कोणाची तरी मोटार जळायची. दुकानासमोर मोटारींची रांग, आणि हा दुपारी बारा वाजले की शटर अर्धं ओढून पोरीच्या मलमासाठी घरी पळायचा. "माह्या मोटारीचं काय?" लोक मागून ओरडायचे. "होऊन राह्यली!" हा गाडीवरून ओरडायचा. घरी आलं की डोक्यात मोटारी, दुकानात गेलं की पोरीची कोपरं. त्याचं कुठेच मन लागेना.

पायलही पडल्या पडल्या शांत नव्हती. येणाऱ्या बाळासाठी तुळसाबाईच्या मऊ झालेल्या सुती लुगड्यांची दुपटी फाडून घेतली होती, लंगोट शिवून घेतले होते. उर्वशीनं खाजवू नये म्हणून तिच्या झबल्यांच्या बाह्या लांब ठेवून टोकं शिवून बंद केली होती. नव्या झबल्यांच्याही बाह्या पायलनं तशाच लांब बेतल्या. ते राजदीपच्या लक्षात आलं, पण त्यानं विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "यालेही झालं तं?"

तो उठून पाणी भरायला गेला.

मग तो मंगळवार आला. राजदीप एका शेतात मोटार काढायला गेला होता. तीन वाजता परतला तो उर्वशीच्या रडण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकत. तिच्या दोन्ही पायांवर हिरवा लेप वाळला होता आणि त्याच्या कडेनं फोड आले होते. शेजारच्या सोनीबाईनं कुठल्याशा झाडपाल्याचा लेप आणून दिला होता, आणि पायलचा डोळा लागलेला पाहून तुळसाबाईनं तो लावला होता.

"माय, तुले सांगतलं होतं ना! सांगतलं होतं का नाही?" राजदीप एवढ्या मोठ्यानं बोलला की पोरगी रडायची थांबली.

तुळसाबाईचा आवाज चढला नाही. "गल्लीतलं कोणी हिले कडेवर घेत नाही, तुले माहीत आहे काय? तू दुकानात असतं. परवा विहारात मी हिले खाली बसवलं तं बाजूच्या बाईनं आपलं लेकरू उचलून नेलं. नवीन बाळ येऊन राह्यलं. त्याच्या आधी हे एकदा जावं, इतकंच वाटलं मले."

राजदीपनं पोरीला उचलून मोरीशी नेलं. त्यानं कोमट पाण्यानं लेप सोडवला, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि एका मित्राच्या गाडीनं यवतमाळ गाठलं. डॉक्टरीणबाईंनी फोडांवर औषध दिलं. निघता निघता त्यानं विचारलं, "मॅडम, हे दुसऱ्या लेकराले लागते काय? बाजूला झोपवलं तं?"

"नाही. स्पर्शानं पसरत नाही."

"अन् पोटातल्या बाळाले?"

"होईलच असं नाही. होणारच नाही असंही नाही सांगता येत."

अर्धं उत्तर घेऊन तो परत आला. पायलनं तेवढ्या वेळात आपलं ठरवून टाकलं होतं. "हिले मुकुटबनले पाठवा, माह्या आईकडे. तीन महिने."

"डॉक्टरीण म्हणते लागत नाही."

"म्हणू द्या. गल्ली म्हणते लागते. मी पडून, तुम्ही दुकानात, उद्या पुन्हा कोणी काही लावलं तं? अन् त्याले झालं तं सगळे हिलेच बोट दाखवतील जन्मभर."

रविवारी पायलची आई, नलू, कापूसवेचणी सोडून मुकुटबनहून आली. "जयभीम" झालं, पाणी झालं. उर्वशीची बॅग दाराशी भरून ठेवली होती. आंघोळीची वेळ झाली तशी राजदीप सासूला म्हणाला, "आई, एकदा पाहून घ्या," आणि भराभर सांगत सुटला. कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घ्यायचा. पाच मिनिटांच्या वर पाण्यात ठेवायचं नाही. टॉवेल दाबायचा, ओढायचा नाही. हे पांढरं मलम सगळीकडे, हे दुसरं फक्त लाल जागी, तेही पातळ. नखं दर तिसऱ्या दिवशी. कपडे तीन पाण्यांतून काढायचे, साबणाचा वाससुद्धा राहू द्यायचा नाही. स्वेटर आतून सुती कापड असल्याशिवाय घालायचा नाही.

बोलता बोलता त्याचे हात चालूच होते. उर्वशी पाण्यात थापट्या मारत होती आणि त्याची मिशी ओढत होती. मलम लावताना तिनं आपणहून कोपर पुढे केलं, मग दुसरं केलं.

नलू भिंतीला टेकून पाहत होती. "जवाई, थांबा जरा," ती म्हणाली. "हे माह्याच्यानं होत नाही बाप्पा. माह्या घरी चुलीचा धूर, खोलीत कापसाचा ढीग. ही पोरगी हात पुढं करून राह्यली तुमच्यापुढं. तिले कायले नेऊ मी? मीच राह्यते इथं, बाळंतपण होईपर्यंत."

राजदीपनं पलंगाकडे पाहिलं. पायल तोंडावर पदर घेऊन रडत होती.

"मले पाठवाचंच नव्हतं तिले," ती म्हणाली.

"मंग काहून म्हणत होती?"

"भेव वाटत होतं."

बॅग उघडली गेली. स्वयंपाक नलूनं घेतला. तुळसाबाई दोन दिवस परसातच कामं काढून बसली. तिसऱ्या दिवशी तिनं कपड्यांची बादली ओढून घेतली, एकेक झबलं तीन पाण्यांतून काढलं आणि राजदीपच्या नाकाशी धरलं. "घे वास. येते काय साबणाचा?" सोनीबाई दारात येऊन म्हणाली, की पोरीपासून दूर राहा, हाताले येईल. तेव्हा तुळसाबाईनं उर्वशीचा चट्ट्याचा हात उचलून स्वतःच्या गालावर दाबला. "वर्ष झालं मी हिले घेऊन झोपते. पाह्य, मले आलं काय?" सोनीबाई आल्या पावली परत गेली. त्यानंतर तिनं लेप आणला नाही.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, यवतमाळला पायलला मुलगा झाला. नलू तिच्यापाशी होती. राजदीप बाळाला पाहून आला होता, तरी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता आणि दर फेरीला घरी फोन लावत होता. आज उर्वशीची आंघोळ तुळसाबाईच्या हाती होती.

"माय, टिपलं ना? घासलं तं नाही?"

"नाही रे."

"पांढरं आधी लावलं का?"

"अरे बाप्पा, पोरगी जेवून झोपलीसुद्धा. तूच तेवढा फिरून राह्यला. खाली बस कुठंतरी अन् मले सांग, पोरगा कोणावर गेला?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की त्यानं बाळाचे गाल, कोपरं, गुडघे सगळं निरखून पाहिलं होतं, पण चेहरा नीट पाहिलाच नव्हता. तो आत गेला. बाळाचं नाक पायलसारखं होतं. तसं त्यानं आईला सांगितलं.

बाळाचं नाव इंद्रजित ठेवलं. घरात धुरी करायची नाही, शेक द्यायचा तर शेगडी अंगणात पेटवून कापड तापवून आणायचं, हे तुळसाबाईनं स्वतः ठरवलं आणि बघायला आलेल्या बायांना दारातच सांगितलं. थंडी ओसरली तशी उर्वशीचे गुडघे भरून आले. कोपरं कधी बरी, कधी पुन्हा लाल. ती आता चालू लागली होती, आणि भावाच्या दुपट्याशी जाऊन बसायची.

इंद्रजित पाच आठवड्यांचा झाला तेव्हा त्याच्या कानामागे एक कोरडा चट्टा दिसला. राजदीप त्याच दिवशी दुकान बंद करून त्याला यवतमाळला घेऊन गेला. संध्याकाळी परतला तेव्हा पायल दारातच उभी होती.

"काय म्हणते डॉक्टरीण?"

"साधं कोरडं असेल म्हणते. नसेलही. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हणते."

"म्हणजे काय समजाचं?"

"म्हणजे आज काही समजत नाही." बाळाला तिच्या हातात देऊन तो हात धुवायला गेला. उर्वशी टॉवेल ओढत मोरीपर्यंत येऊन पोचली होती, आणि तिच्या मलमाची वेळ झाली होती.