उतारावरची पिन

गाड्या दुरुस्त करणारा माणूस धीट असतो असं लोकांना वाटतं. सबूरकाका घाबरट होते, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. वस्ती संपते आणि रस्ता डोंगर उतरायला लागतो, तिथं त्यांचं पत्र्याचं दुकान, मागं घर. आलेली मोटारसायकल आधी कान देऊन ऐकायची, मग चाक हातानं हळूहळू फिरवायचं, आणि गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचं, "सबूर, सबूर." त्यावरून हे नाव पडलं. दूधवाला तोंडावर चिडवायचा, "काका, तुम्ही उभ्या गाडीवर बसतानासुद्धा आधी ब्रेक दाबता."

"उभी गाडी कधी चालायला लागेल, सांगता येतं का?" काका म्हणायचे. हसायचे नाहीत.

ब्रेकच्या कामाची त्यांची एक ठरलेली रीत होती. जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकाला ब्रेकचं एक गोल झाकण असतं. ब्रेक दाबला की ते झाकण चाकाबरोबर फिरू पाहतं, म्हणून एका लोखंडी पट्टीनं ते गाडीला बांधलेलं असतं. त्या पट्टीचा नट सुटू नये म्हणून त्यात एक बारीक पिन घालतात आणि तिचे दोन पाय उलटे वळवतात. काका ती पिन सगळ्यात शेवटी घालत. आधी नट नुसता हातानं बसवायचा. मग गाडी स्वतः पायी ढकलत उताराच्या तोंडाशी नेऊन ब्रेक बघायचा, परत येऊन नट आवळायचा, आणि मग पिन. तोवर नवी पिन कोपऱ्यातल्या थाळीत पडून राहायची. थाळीत पिन असली की गाडी अजून त्यांची, थाळी रिकामी झाली की गिऱ्हाइकाची.

त्यांच्या स्वतःच्या जुन्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक धरेनासा झाला होता. पाय खाली जायचा, चाक आपलं पळतच राहायचं. लेकीला खालच्या गावातल्या दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली होती, आणि ती याच गाडीवर जाणार होती. काकांनी चाक उघडलं. आसाजवळचं ग्रीस झिरपून आत उतरलं होतं, ब्रेकचे शू काचेसारखे गुळगुळीत झाले होते. त्यांनी शू नवे घातले, आतलं भांडं पेट्रोलनं पुसलं, पॉलिश पेपरनं घासलं, शू फाकवणाऱ्या वाळलेल्या खिळीला नखाएवढं ग्रीस लावलं. एका सकाळचं काम. त्यांनी ते लांबवत नेलं. आज ब्रेकची सळई वाकडी वाटायची, उद्या स्प्रिंग.

"अहो, गाडी दुरुस्त करताय की लेक अडवून धरताय?" बायकोनं एकदा विचारलं.

"दोन्ही," काका म्हणाले.

कामावर रुजू व्हायचा दिवस उजाडला. काका मागच्या अंगणात तोंड धूत होते. चहा झाला की गाडी उतारावर नेऊन बघायची, असं मनाशी ठरलेलं होतं. पुढं दुकानात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. तोंडावरचं पाणी तसंच ठेवून ते दुकानात आले.

"गेली," बायको म्हणाली. "गाडी तर जोडलेली होती. म्हणाली, बाबांना विचारलं तर अजून एक स्प्रिंग निघेल."

काकांनी थाळीकडं पाहिलं. पिन तिथंच होती. पाय सरळ, कोरी.

नट हातानं बसवलेला. रस्त्याच्या हादऱ्यानं तो आटे सोडत जाणार, आणि जिथं लेक जोरानं ब्रेक दाबेल तिथं झाकण गरकन फिरणार, चाक जाम होणार. तेही उतारावर, दरीच्या कडेला. त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. गाडीवर असताना माझा आला तरी उचलायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि पोरगी ऐकणारी होती. निदान याबाबतीत.

दुकानात चालू होईल अशी एकच गाडी उभी होती, दूधवाल्याची. पुढच्या ब्रेकची तार तुटलेली, मागचा नावाला. काकांनी पिन, पाना आणि फोन खिशात टाकला.

"अहो, तिला ब्रेक नाहीत!" बायको ओरडली.

"मला माहितेय!"

उतार लागला. ब्रेक गेला तर घाबरायचं नाही, गिअर खाली आणायचा, इंजिनलाच गाडी ओढून धरू द्यायची. किती जणांना त्यांनी हे सांगितलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. गाडी खालच्या गिअरमध्ये किंचाळत होती, हात हँडलला चिकटले होते, आणि प्रत्येक वळणाआधी डोळे आपोआप रस्त्याच्या कडेला जात होते. कठडा शाबूत आहे का. मातीत चाकाची रेघ आहे का. गवत मोडलंय का. एका वळणावर झुडपात काहीतरी निळं दिसलं आणि त्यांच्या घशातून आवाज निघाला. प्लास्टिकची पिशवी होती. लेकीची ओढणी निळी होती की हिरवी, ते त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचीच त्यांना भीती वाटली.

पुढचं वळण संपलं आणि समोर गाड्यांची रांग. रस्त्याचं काम चाललं होतं, लाल निशाण धरून एक माणूस उभा होता. रांगेत सगळ्यात मागं त्यांची जुनी मोटारसायकल, आणि तिच्यावर लेक. ब्रेकवर पाय ठेवून, सरळ पाठीनं.

ती जिवंत होती. आणि तिच्या पाठीमागून बिनब्रेकची गाडी घेऊन तिचा बाप येत होता.

काकांनी पहिला गिअर टाकला. गाडीनं हिसका दिला, पण थांबली नाही. दोन्ही पाय रस्त्यावर घासले, चपला उडाल्या. "बाजूला हो!" ते ओरडले. खोदकामाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. डाव्या हाताला खडीचा ढीग होता. काकांनी डोळे मिटले आणि हँडल तिकडं वळवलं.

खडी अंगावर येऊन पडल्यावर आधी लेकीचाच आवाज ऐकू आला. "बाबा? बाबा, तुम्ही इथं कसे?"

काका रांगतच तिच्या गाडीच्या मागच्या चाकाशी पोचले. "उतर," ते म्हणाले. "ब्रेक सोड आणि उतर." नट जागेवर होता, शेवटच्या आट्यांवर लटकलेला. बोट लावताच गरगर फिरला. त्यांनी तो आवळला आणि खिशातून पिन काढली. भोक समोर दिसत होतं, पण पिन आत जाईना. ती दोनदा मातीत पडली.

लेक शेजारी बसली. तिनं पिन उचलली, फुंकर मारली, एका दमात आत घातली आणि पान्याच्या टोकानं तिचे पाय उलटे वळवले. "सबूर, बाबा, सबूर," ती म्हणाली. चेष्टा करायला म्हणाली, पण पिनचे पाय तिनं पुन्हा एकदा चाचपले. मग तिनं खडीतल्या गाडीकडं पाहिलं. "ही दूधवाल्याची ना? हिला तर..."

"हं."

"तुम्ही हिच्यावर उतार उतरलात?"

तिनं त्यांच्या सोललेल्या पायांवरची माती ओढणीनं पुसली. ओढणी पिवळी होती.

"राहू दे आज," ते हळूच म्हणाले. "उद्या जा."

"उद्याही हाच उतार असणार, बाबा."

निशाणवाल्यानं हिरवं निशाण वर केलं. रांग हलली. लेकीनं गाडी सुरू केली, दोन पावलं पुढं नेऊन ब्रेक दाबून पाहिला, मग पुन्हा एकदा दाबला, आणि वळणाआड गेली.

काका अनवाणी उभे राहून ऐकत होते. वाईट ब्रेक किंचाळतो, खरवडतो, तो लांबूनही कळतो. चांगल्याचा आवाजच येत नाही. इंजिनची घरघर बारीक होत गेली, आणि मग तीही थांबली. पोचली म्हणून थांबली, की वळण आड आलं म्हणून, ते तिथून समजायला मार्ग नव्हता. निशाणवाला म्हणाला, "काका, रस्त्यातून बाजूला व्हा."

"सबूर," काका म्हणाले, आणि फोन मुठीत घट्ट धरून तिथंच उभे राहिले.