जवळची रास आधी

अकोल्याच्या स्टँडवरून मालेगावची एसटी सुटली, तेव्हा आमच्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे होते. दुसरीत बाकरवडी, सफरचंदं आणि पाय मोडलेल्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून शैलाने घेतलेली हवेची उशी. प्रल्हाद तायडे आणि मी पुण्यात एकाच कचेरीत वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलांवर बसलो. पुढे त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वडिलांची जमीन कसायला तो वाशीम जिल्ह्यातल्या केनवडला परतला. या हिवाळ्यात मोटरसायकल घसरून त्याचा पाय मोडला. पायात सळई घातली, वर प्लास्टर. फोनवर तो आधी सविस्तर बोलायचा, मग थोडकं, मग नुसतंच "हं". शैला म्हणाली, "फोनवर किती दिवस धीर देणार? जाऊन येऊ." म्हणून मार्चमध्ये निघालो.

पातूर सोडलं की रस्ता चढतो आणि दोन्ही बाजूंना डोंगर लागतात. पळस फुलला होता. झाडावर पान नाही, नुसता केशरी रंग. डोंगर संपले की काळी सपाट जमीन, गहू काढून मोकळी झालेली रानं आणि मधूनच पाण्यावरचं हिरवं शेत. अकोल्यापासून मालेगाव साठेक किलोमीटर भरावं. एसटीने घेतलेला वेळ मात्र त्याहून बऱ्याच मोठ्या अंतराला शोभला असता.

हे मालेगाव म्हणजे यंत्रमागाचं नव्हे. हे मालेगाव जहांगीर. इथे आम्हाला गाडी बदलायची होती, आणि इथेच माझा हिशेब चुकला. केनवड रिसोड तालुक्यात आहे, म्हणजे गाडी रिसोडची, असं मी गृहीत धरलं आणि जागा धरून बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, "कुठं जाऊन राह्यले काका?"

"केनवडला."

"मंग याच्यात काहून बसले? मेहकरची धरा न."

"पण केनवड रिसोड तालुक्यात आहे ना?"

"तालुका कागदावर असते काका. रस्ता जमिनीवर असते. उतरा लवकर."

उतरलो. त्याने खिडकीतून पिशव्या दिल्या आणि मेहकरची गाडी कुठे लागते तेही बोट करून दाखवलं. शैला पुढचा सगळा रस्ता हसत होती.

केनवडला उतरलो तर हवेत एक ओला, मातकट, गरम वास होता. शिजवलेल्या हळदीचा. गावाबाहेर मोठं मोकळं खळं होतं, आणि तिथे चार घरांची हळद शेजारी शेजारी वाळत पडली होती. माझा समज होता की हळद जमिनीतून पिवळी निघते आणि थेट दळली जाते. तसं नाही. कंद खणायचे, वाफेवर शिजवायचे, मग साधारण पंधरा दिवस उन्हात वाळवायचे. या पंधरा दिवसांत पाण्यात भिजली की हळद काळवंडते, भाव पडतो, कधी सडतेही. वर्षाचं पीक आभाळाखाली उघडं पडलेलं असतं, आणि मार्चमध्ये या भागात आभाळाचा भरवसा नसतो.

खळ्याच्या कडेला कडुनिंबाखाली बाजेवर प्रल्हाद बसला होता. प्लास्टरचा पाय उशीवर, शेजारी पितळी ताट आणि पळी. दाढी वाढलेली.

"जय भीम, सुधाकर. आलास? बघ, बायकोने मला चौकीदार केलंय. आभाळ बघायचं, ढग आला की ताट वाजवायचं."

"चांगलं आहे की."

"कसलं चांगलं? लहान पोराच्या हाती खुळखुळा द्यावा, तसं आहे."

त्याची बायको, पंचफुलावहिनी, तोवर जवळ आल्या होत्या. डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत पिवळे हात. "खुळखुळा असता तं घरीच देल्ला असता," त्या म्हणाल्या. "इथं चार घरची हयद हाये." (हयद म्हणजे हळद. वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो.) मग आमच्याकडे वळून, "या ताई, या भाऊजी. चहा ठेवते. चहा झाला का टोपली घ्या."

मला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. अर्ध्या तासात मी हळद उलटवत होतो आणि शैला खडे वेचत होती.

दुपार कलली तेव्हा मेहकरच्या बाजूने एक करडा ढग वर आला. प्रल्हादने ताट वाजवलं. गावातून माणसं धावत आली आणि जो तो आपल्या हळदीकडे पळाला. ताडपत्र्या एकमेकींत गुंतल्या, दोघी बायका टोपल्यांसकट एकमेकींवर आदळल्या. खळ्याच्या पलीकडच्या टोकाची हळद तशीच उघडी राहिली, कारण ते घर पोचायलाच वेळ लागला. आणि मग ढग शांतपणे उत्तरेकडे निघून गेला. एक थेंब पडला नाही.

दत्ताभाऊ नावाचे शेजारी शेतकरी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "प्रल्हाद, भूक लागली होती का बाप्पा? ताट वाजवून राह्यला होता, वाढाले सांगतो."

सगळे हसले. प्रल्हादही हसला, पण नुसत्या तोंडाने. मग पळी ताटात ठेवून म्हणाला, "उद्यापासून दुसरा कोणी बसवा. माझ्याच्यानं होत नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. पंचफुलावहिनींनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि चहा वाटला.

"बरं झालं, खोटी वाजली," त्या म्हणाल्या. "खरी असती तं आज हयद गेली असती. पाह्यलं न? सारे आपापल्या राशीकडे पयाले. उद्यापासून जे रास जवय, ते आधी झाका. कोनाची हाये, ते मंग पाहू."

"अन माही राह्यली तं?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"तुमच्या राशीजवय मी राहीन न. माही तुमी पाहा."

"अन राखण?"

"राखण हेच करतीन."

"अन उद्या पुन्हा खोटी वाजली तं?"

"पुन्हा चहा करीन. साखर तुमची."

आता जो हशा झाला, त्यात प्रल्हादकडे कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी जेवायला ज्वारीची भाकरी, पातोडी (बेसनाच्या वड्यांची झणझणीत रस्साभाजी) आणि ओल्या हळदीचं लोणचं होतं. रश्शाने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतला. प्रल्हाद लवकर आडवा झाला. चुलीशी शैलाने वहिनींना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते न. काहून नाही वाटणार?" वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पाय नीट जुळते का नाही, हयद हाती लागते का नाही. पण घरात एकानं तरी भेव गिळा लागते ताई. तवा बाकीच्याईले भाकर गिळता येते."

"मग राखण दुसऱ्याला द्यायची ना. तुमचीच हळद आहे."

"दुसऱ्याले देल्ली तं हयद वाचन. पण हे उद्यापासून भिताडाकडं तोंड करून निजतीन. मले दोनी पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावच्या बाजारातून ताडपत्रीसाठी सुतळी आणली. दुकानदाराने पाहुणा म्हणून हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मग सुतळीचा भाव पुण्याचाच लावला. दुपारी जेवून मी प्रल्हादजवळ बसलो. ऊन कडक होतं, पाचोळाही हलत नव्हता. आणि पश्चिमेला, पुन्हा त्याच ठिकाणी, ढग दिसला.

प्रल्हादने पळी उचलली. धरून ठेवली.

"कालच्यासारखाच आहे रे," तो म्हणाला.

"मला ढगातलं काही कळत नाही."

"मलाही कुठे कळतं? जन्म कचेरीत गेला."

"फार तर हसतील."

"हसण्याचं नाही. आज उगाच वाजलं, तर उद्या खरं वाजूनही कोणी उठणार नाही. चार घरं बुडतील ती माझ्यामुळे."

खळ्याच्या मध्यावर वहिनी दाताळं घेऊन हळद उलटवत होत्या. त्यांनी मान वर केली. ढग त्यांना दिसला नसेल, असं होणं शक्य नाही. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग इकडे पाहिलं, आणि पुन्हा दाताळं चालवायला लागल्या. एक हाक मारली असती तरी पुरे होती. ती त्यांनी मारली नाही.

प्रल्हादने ताट वाजवलं. वारा सुटला नव्हता, ऊन तसंच होतं, आणि तो वाजवत राहिला.

लोक येतील का, ही माझी धास्ती. सगळ्यांत आधी दत्ताभाऊ आले. धावत आले, आणि स्वतःच्या हळदीकडे न जाता समोर होती ती तायड्यांची हळद ओढायला लागले. मी ताडपत्रीचं टोक धरलं. शैला कुणाच्या तरी राशीवर दगड ठेवत होती, तिला मालकाचं नावही ठाऊक नव्हतं. वहिनी दत्ताभाऊंच्या राशीवर. अर्धं काम झालं असेल नसेल, गार वारा आला, धूळ उठली, आणि शेवटची ताडपत्री बांधेपर्यंत पाऊस कोसळला. त्यात गारा, हरभऱ्याएवढ्या.

आम्ही खळ्याच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या शेडखाली पळालो. दम खाल्ला. मग शैला किंचाळली, "अहो, प्रल्हादभाऊजी!"

चार घरांची हळद झाकली होती आणि बाजेवरचा माणूस तसाच राहिला होता. गारांत तो ताट डोक्यावर धरून बसला होता, आणि गारांनी ते ताट आपोआप वाजत होतं. जवळ गेलो तर गडी खदखदून हसत होता. दत्ताभाऊंनी आणि मी बाज उचलली.

"आता बंद कर न बाप्पा," दत्ताभाऊ ओरडले. "समजलं आमाले!"

प्लास्टरला वहिनींनी खताची रिकामी पिशवी आधीच बांधून ठेवली होती, म्हणून ते कोरडं राहिलं. दत्ताभाऊंच्या हळदीचा एक कोपरा भिजला. अंदाजे दोन टोपल्या. बाकी सगळी वाचली.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. आमची गाडी दहाच्या सुमारास होती. निरोप घ्यायला खळ्यावर गेलो, तर दत्ताभाऊ बाजेपाशी उभे.

"प्रल्हादभाऊ, पसराची का?"

परवा 'प्रल्हाद', आज 'प्रल्हादभाऊ'. प्रल्हादने दाढी केली होती. त्याने आभाळाच्या चारी बाजू सावकाश पाहिल्या. आता बोलला तो पुण्याची भाषा सोडून. "थांबा थोडं. जमीन सुकू द्या. मंग पसरू."

दत्ताभाऊ थांबले. वहिनी पाठमोऱ्या टोपल्या रचत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण एक टोपली दोनदा उचलून तिथेच ठेवली.

मालेगावच्या गाडीत मी मनाशी हिशेब मांडत बसलो. मी आयुष्यभर अडचणीतल्या माणसांना "सगळं ठीक होईल" असं सांगत आलो. वहिनींच्या तोंडून दोन दिवसांत ते वाक्य मी ऐकलं नाही. तसं होईल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही ते त्या सांगत नव्हत्या. त्यांनी चुकलेल्या माणसाकडून काम काढून घेतलं नाही, एवढंच केलं. यात मोठी जोखीम होती. हिशेबी माणूस म्हणून सांगतो, मी ती घेतली नसती.

पुण्याला पोचल्यावर प्रल्हादचा फोन आला. पायाची चौकशी करायच्या आत तोच बोलत सुटला. ऊन चांगलं पडतंय, हळद खणखणीत वाळतेय, आता काही पाणी येत नाही.

"आणि आलं तर?" मी विचारलं.

"आलं तर वाजवीन न."

"आणि नाही आलं तर?"

"तरी वाजवीन. दत्ताभाऊनं साखर आणून ठेवली हाये."