एका जागेची शिष्यवृत्ती

ज्योती गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासत बसले होते. तिच्या नवऱ्याचा, सुधाकररावांचा फोन. "मनीषाताई, आपली ज्योती गेली हो..." एवढंच म्हणाले आणि फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला. डेंग्यूचं निमित्त झालं. देऊळगाव राजाहून तिला जालन्याला नेलं होतं, पाचव्या दिवशी सगळं संपलं. मी फोन ठेवला, समोरचा अर्ज शेवटपर्यंत तपासला, सही केली आणि मग उठले. जवळचं माणूस गेलं की रडू येतं म्हणतात. मला आधी राग आला, आणि दीड महिना झाला तरी तो उतरलेला नाही.

आता जो तो तिच्याबद्दल चांगलं बोलतो आहे. किती हुशार होती, किती पोरींना तिनं मार्गाला लावलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही उगाच नाही. ती हुशार आहे हे बोलून दाखवायची खरी गरज सतरा वर्षांपूर्वी होती. तेव्हा सगळे गप्प बसले, आणि त्या सगळ्यांत मीही होते.

आम्ही दोघी देऊळघाटच्या. तिचे वडील अण्णासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर. माझे वडील त्याच घरासमोर मशीन मांडून गावाचे कपडे शिवायचे. बारावीला ती पहिली आली, मी दुसरी. बुलढाण्याला बी.एस्सी.ला सोबतच नाव घातलं आणि एकाच ऑटोत कोंबून घेऊन रोज जायला लागलो. ज्योतीला नोटीस बोर्ड वाचायचा नाद होता. बाकीच्या पोरी कँटीनकडे वळायच्या, ही मात्र प्रत्येक विभागापुढे थांबून जुने कागद उचलून त्यांच्याखाली काय दडलंय ते बघायची. "फुकटचं कोणी सांगत नाही वं मने," म्हणायची, "शोधा लागते." असंच एकदा तिला एका ट्रस्टचं पत्रक सापडलं. विज्ञान शाखेच्या मुलीसाठी शिष्यवृत्ती, तिन्ही वर्षांची फी, पुस्तकं, राहायचा खर्च, आणि मार्क टिकले तर पुढे एम.एस्सी.सुद्धा. प्रत्येक कॉलेजातून एकच मुलगी, गुणांप्रमाणे. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवं. तिनं दोन अर्ज आणले, एक स्वतःला, एक मला.

मी म्हटलं, एकच जागा आहे, तू असताना मी कशाला भरू. तर म्हणाली, "माया नंबर लागला तं तुया लागनार नाही, हे मलेही समजते. पण भर. सवय होते."

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझे वडील बुलढाण्याला तहसिलीत दिवसभर रांगेत उभे राहिले. अण्णासाहेब कशाला उभे राहतील? तलाठीच त्यांच्या ओट्यावर चहाला येत असे. घर मोठं होतं, पण बडा घर पोकळ वासा. अठरा एकर कोरडवाहू, विहिरीत पाणी नाही, दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलेलं. जे होतं ते नुसतं खरं लिहिलं असतं तरी ज्योती मर्यादेच्या कितीतरी आत बसत होती. तिनं वडिलांना ती मर्यादा आधी सांगूनही ठेवली होती. पण त्या दिवशी ओट्यावर गावातले पाच-सहा जण बसलेले, माझे वडीलही शिवलेली बंडी द्यायला गेलेले. तलाठ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "अण्णा, किती टाकू?" अण्णासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या घराले शोभंन असं लिही."

संध्याकाळी वडिलांनी घरी येऊन मला हे सांगितलं. "तलाठ्यानं आकडा वाचून दाखवला, मर्यादेच्या वर गेलं ते. मले माहीत होतं, तहसिलीत वाचलं होतं ना मी. पण मोठ्याच्या ओट्यावर आपन काऊन तोंड घालावं?" मग भाकरी मोडता मोडता हळूच म्हणाले, "पोरी, आता जागा तुलेच भेटंन."

अर्जाची मुदत संपायला आठ दिवस होते. आठ दिवसांत दुसरा दाखला निघाला असता. ज्योती तेवढी खमकी होती, तिनं तलाठ्याला गाठलं असतं, आईला पुढं केलं असतं, काहीतरी केलं असतं. मी रोज तिच्या मांडीला मांडी लावून ऑटोत बसत होते आणि आठही दिवस मूग गिळून होते. ते भिऊन नव्हतं. मला ती जागा हवी होती.

अण्णांनी दाखल्याचं पाकीट तिच्या हातात शेवटच्या दिवशी सकाळी दिलं. ते तिनं कॉलेजच्या खिडकीपुढेच फोडलं. क्लार्कनं आकडा पाहून कागद परत सरकवला, "बाई, तुम्ही तर श्रीमंत." तिनं कागद परत पाकिटात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू दे तुया. लाइन लागून राह्यली मागं." घरी जाऊन तिनं अण्णांशी भांडण केलं, चार दिवस जेवली नाही. अण्णांचं एकच, पोरीच्या शिक्षणासाठी मी गावापुढं हात पसरणार नाही, माझी मी शिकवीन. पहिल्या वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षी तिच्या भावाला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं आणि ज्योतीसाठी देऊळगाव राजाचं स्थळ पाहिलं. मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, प्राध्यापक झाले, त्याच ट्रस्टच्या पैशावर.

लग्नानंतर तिनं तिकडे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. कुठली शिष्यवृत्ती कधी निघते, कशाला कुठला कागद लागतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी एकदा तिच्याकडे गेले असताना चहा गाळता गाळता तिनं विचारलं, "तुये बाबा होते ना वं त्या दिवशी ओट्यावर?" मी म्हटलं, असतील. तिनं कप माझ्यापुढे ठेवला आणि साखर कमी आहे का म्हणून विचारलं. तो विषय तिनं परत काढला नाही, मीही नाही.

मागच्या आठवड्यात देऊळघाटात शोकसभा झाली. अण्णासाहेब आता थकलेत, पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो. त्यांनी माइकवरून जाहीर केलं, ज्योतीच्या नावानं दरवर्षी कॉलेजातल्या एका गरीब पोरीला शिष्यवृत्ती देणार. टाळ्या वाजल्या. मग मला बाजूला बोलावून म्हणाले, "मने, तू प्रोफेसर हायेस. नियम लिहून दे. उत्पन्नाचा दाखला तं घ्याच लागंन ना? नाही तं कोनीबी खोटं सांगून घेऊन जाईन." सतरा वर्षं साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. "हो अण्णा, घ्यावा लागेल," मी म्हटलं. त्यांना बोलले नाही ते आता इथं लिहिते आहे, पण तेही वेळेवर कुठे आहे? ज्योतीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात गेले. एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. बाहेर भिंतीला लागून एक लाकडी बाक. तो कशाला, म्हणून विचारलं, तर सुधाकरराव म्हणाले, पोरीसोबत आलेल्या बापाला ती आत येऊच देत नसे, त्या बाकावर बसवायची. आत पोरीला म्हणायची, बाबा काय सांगतात ते नको, घरात खरं काय येतं ते सांग. कुणी बाप चिडला तरी ऐकायची नाही. "आत बसा ना ताई, तिच्या खुर्चीवर," सुधाकरराव म्हणाले. मी आत गेले नाही. बाहेर बाकावर जाऊन बसले. माझे वडील कधी इथं आले असते तर ज्योतीनं त्यांनाही इथंच बसवलं असतं, आणि मला त्यांच्या शेजारी.