व्हाया लंडन

स्पॅनिशच्या बी.ए.च्या वर्गात अन्वयीने फळ्यावर 'यो गुस्तो काफे' लिहिलं, आणि मी हातातलं डस्टर टेबलावर ठेवून दिलं. 'मला कॉफी आवडते' याचं हे असं भाषांतर दरवर्षी कोणीतरी करतंच. 'यो' म्हणजे मी. पण स्पॅनिशमध्येही कॉफी 'मला' आवडते: 'मे गुस्ता एल काफे'. त्यातला 'मे' म्हणजे आपला 'मला'.

"हा 'मी' कुठून आणलास?" मी विचारलं.

"मॅडम, इंग्रजीत 'आय लाइक' असतं ना," अन्वयी म्हणाली.

म्हणजे शेजारच्या घरी जायचं, तेही व्हाया लंडन. आपल्याला भूक लागते, थंडी वाजते, कुणाची तरी आठवण येते. यातलं काहीही आपण करत नाही. ते आपल्याकडे येतं आणि आपण नुसते 'मला' म्हणून बाजूला उभे राहतो. आवडण्याचंही तसंच. इतक्या लांबच्या भाषेला आवडण्यापुरतं का होईना हे कळलंय, आणि घरी दिवसभर मराठी बोलणाऱ्या या मुलांना ते परकं वाटतं, याला काय म्हणावं?

जागेवर बसता बसता अन्वयी मैत्रिणीला हळूच म्हणाली, "मला नाही आवडत हे व्याकरण."

"अगं, हेच," मी म्हटलं. "हेच वाक्य स्पॅनिशमध्ये सांग."

ती पुन्हा उभी राहिली. खूप विचार करून म्हणाली, "यो नो..."

मला राग आला. मी केला नाही, तो आपला आला.