विहिरीत उतरण्याजोगं अक्षर

मामांच्या विहिरीत कंबरेएवढ्या पाण्यात उभा असताना मला पहिल्यांदा कळलं, की मी निवडलेला फॉन्ट माणूस मारू शकतो. माणूस म्हणजे मीच, एवढाच त्यातला दिलासा.

मोबाईलवरून मोटार चालू-बंद करायचं ॲप मी बनवलं होतं. पांढऱ्या पडद्यावर बारीक, फिकट करडी अक्षरं. ऑफिसातल्या एसीत ती फार देखणी दिसत. पाथर्डीकडच्या आमच्या मामांचा एक डोळा काचबिंदूनं नेलेला, दुसऱ्यातही धुकं. म्हणून ॲप वापरायचा पहिला मान त्यांना. अधू डोळ्यांसाठी अक्षर मोठं करायची सोय मी ठेवली होती. ती सोय शोधायला मात्र सेटिंगमधली बारीक अक्षरं वाचावी लागत.

त्या दुपारी पाणबुडी मोटारीचा दोर कपारीत अडकला. लाईट गेलेली. पाण्यात करंट उतरू नये म्हणून आमच्याकडे विहिरीत उतरणारा आधी मोटारीच्या पेटीतले फ्यूज काढतो आणि स्वतःच्याच खिशात घालून उतरतो. बायकोच्याही हाती देत नाही.

"फ्यूज काढ," मामा म्हणाले.

"मामा, ते जुनं झालं. तुम्ही नुसतं 'बंद' दाबा."

'बंद'च्या शेजारी 'ऑटो' होतं. ते दाबलं, की लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू. दोन्ही बटणं एकाच मापाची, एकाच करड्या रंगाची.

मामांनी फोन नाकाला लावला, अंगठा दाबला. "दाबलं. उतरा, भाचेबुवा."

उतरलो. पाणी हिरवं, गार. वर आभाळाचा तुकडा आणि त्यात मामांचं डोकं.

"मामा, काय लिहिलंय?"

"राखुंडी सांडल्यावानी दिसतंय."

"बंद का ऑटो?"

"तूच लिव्हलंय न्हवं?"

"लाईट किती वाजता येते?"

"तिला काय, मनाला आलं की येती."

दोर तसाच सोडला. पायऱ्यांवर दोनदा गुडघे फोडून वर आलो, फोन हिसकावला. भर उन्हात माझ्या धडधाकट डोळ्यांनाही काही दिसेना. टॉवेलखाली डोकं घालून पाहिलं: ऑटो. टॉवेल काढतोय तोच खाली घरघर सुरू झाली, आणि मी उभा होतो तिथलं पाणी थरथरायला लागलं.

मामांनी काठावरून वाकून खाली पाहिलं. मग म्हणाले, "लई सोपं हाय म्हनला हुतास."

मोटार बंद केली आणि ऊन कलेपर्यंत विहिरीवरच लॅपटॉप घेऊन अक्षरं बदलत बसलो. जाड, काळी, पिवळ्यावर. दर नमुन्याला मामा फोन उन्हात धरत आणि एकच विचारत, "ह्याच्यावर उतरतूस का?"

चौथ्याला मी हो म्हणालो.

"मग चल. दोर अडकल्यालाच हाय."

काठाशी उभं राहून ते डोळा बारीक करून पडदा वाचू लागले. ओठ हलले, शब्द काही बाहेर येईना. मी एक पाय पायरीवर टाकला होता. तो मागे घेतला.

"द्या इकडं," म्हणालो, "अजून थोडं मोठं करतो."