भावजींचं नाक आणि सुरंगीचा वळेसर

ये गं, अशी जवळ बस. दारातूनच "मावशी, बरी आहेस ना" म्हणून पळायचं, ही कुठली रीत? आणि ती नाकात थेंब घालायची बाटली आधी पर्समध्ये टाक. चहाला उकळी येईपर्यंत दोनदा काढलीस. बोलत नाही म्हणून मला दिसत नाही असं नाही. तुला आमच्या भावजींचं सांगायलाच हवं.

भावजी म्हणजे माझे चुलत दीर, भिंतीपलीकडच्या खोलीत राहणारे. अख्ख्या घाटकोपरात स्वतःच्या नाकावर एवढा जीव टाकणारा माणूस दुसरा झाला नाही. लोक घरातून निघताना किल्ली चाचपतात, पास चाचपतात. भावजी बाटली चाचपायचे. एक शर्टाच्या खिशात, एक उशीखाली, एक देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या पुडीशेजारी आणि एक आमच्या फडताळात, कारण "वहिनी, वेळ काय सांगून येते?" मरोळच्या कारखान्यात फिटर होते, त्यामुळे नाक म्हणजे त्यांना पाइपच वाटायचा. सकाळी स्टीलची थंड ताटली नाकाखाली धरून श्वास सोडायचे आणि वाफेचे दोन डाग उमटले की डोळे बारीक करून बघायचे. "आज पूर्वेला बत्तासा, पश्चिमेला चिंचोका." पूर्व म्हणजे उजवी नाकपुडी, पश्चिम म्हणजे डावी. मग चिंचोक्याच्या बाजूला थेंब पडायचे, थोड्या वेळाने परत ताटली, तिथेही बत्तासा उमटायचा, आणि चेहरा असा की लॉटरी लागली. दुपारपर्यंत पुन्हा फाटक बंद. पुढे पुढे तर ते फाटक जेवण संपायच्या आत पडायला लागलं. आम्हा सगळ्यांना वाटायचं, बिचाऱ्याची सर्दी किती जुनाट.

त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, वेंगुर्ल्याकडची. दर चैत्रात तिचा भाऊ गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती केळीच्या पानात गुंडाळून सुरंगीचा वळेसर पाठवायचा, म्हणजे गजराच गं. जाऊ तो माळायची आणि काही काम नसताना भावजींच्या पुढ्यातून दोनदा जायची. भावजी मान डोलावून म्हणायचे, "काय घमघमाट सुटलाय गो." तेवढ्यावर तिचा चैत्र साजरा व्हायचा.

एकदा त्यांच्याकडे चैत्रातच सत्यनारायण होता. कथा रंगात आली, आणि भावजींचं फाटक पडलं. हळूच आतल्या खोलीत गेले, खाटेवर आडवे झाले, डोकं कडेवरून खाली सोडलं आणि थेंब घालून डोळे मिटून पडून राहिले. शेजारची काकू प्रसादाचा डबा आणायला आत गेली, तिने हे बघितलं आणि ओरडली, "अगो, भावजींना फिट आली." झालं. कुणी पाय धरले, कुणी चप्पल शोधायला धावलं, आणि काकूने बुक्कीने कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला, दाबून. भावजींनी डोळे न उघडताच शांतपणे विचारलं, "काय आहे हे? काकडी?"

सगळे हसले. भावजीसुद्धा हसले. दारात वळेसर माळून उभी असलेली जाऊ तेवढी हसली नाही.

ज्याला नाकाशी धरलेला कांदा कळत नाही, त्याला सुरंगी काय कळणार? तिने वळेसर केसांतून काढला, रुमालात बांधला आणि ट्रंकेत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भावजी स्वतःहून डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "थेंबांनी आतली सूज ओसरते, म्हणून वारा जातो. अंमल उतरला की सूज आणखी वाढते. तुमची सर्दी कधीच गेली, आता हा थेंबांचाच आजार आहे. सोडा. एकदम जमत नसेल तर एकेक नाकपुडी सोडा." मग काय, आधी पूर्व बंद. "पूर्वेचा संप चालू आहे, वहिनी," असं तोंडाने श्वास घेत सांगायचे. आमच्या फडताळातली बाटली मागायला एकदा आले, दारात उभे राहिले, आणि नुसतं पाणी पिऊन गेले. पूर्व सुटली तशी पश्चिमेची पाळी. जाऊ सगळं बघत होती.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे तांदूळ निवडत बसले होते. भावजी बाहेर गॅलरीत. जाऊने आत साडी काढायला ट्रंक उघडली, आणि बाहेरून आवाज आला, "ट्रंक कित्याक उघडलंस गो?"

तिचा हात ट्रंकेतच राहिला. "तुम्हाला काय ठाऊक उघडली ते?"

"वास इलो."

"थेंब घातलेत?"

"नाय गो."

सुरंगीचं असंच असतं, सुकली तरी वास जात नाही. जाऊ भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ एकाच साडीची घडी घालत राहिली. मी तांदूळ उचलले आणि घरी आले.

आता जाऊ नाही. तिचा भाऊ अजून वळेसर पाठवतो, तो भावजी तिच्या फोटोला घालतात. तिने शेवटचा माळलेला मात्र पितळी डबीत आहे. भावजी ती डबी रोज उघडतात. आज पूर्वेने वास घेतात, उद्या पश्चिमेने, दुसरी बाजू बोटाने दाबून. मी म्हटलं, "अहो, आता दोन्ही मोकळ्या आहेत ना?" तर म्हणाले, "दोन्हींनी ओढला तर लवकर सरेल, वहिनी."

घे, चहा निवला बघ. आणि चैत्र फार लांब नाही, तेव्हा सवडीने राहायलाच ये. भावजी ती डबी कुणाच्या हातात देत नाहीत, पण तुझ्यासाठी मी शब्द टाकीन. फक्त नाक मोकळं घेऊन ये.